फळ्याकडे तोंड करून

सुवा, ४ मार्च २००२

प्रिय आत्या,

बोट वेळेवर पोचली. तू बांधून दिलेला कसावा खोलीतल्या मुलींनी बंदरावरून येईयेईतो संपवला. मी दोन घास खाल्ले.

तू विचारलं होतंस, बरी आहेस ना. बरी आहे. हे मी सगळ्यांनाच सांगते आणि त्यात खोटं काही नाही. हॉस्टेलवरून कॉलेजला जाताना त्याच हॉस्पिटलच्या दारावरून जावं लागतं. पहिल्या दिवशी वाटलं, बाबांना इथूनच पेटीतून बाहेर काढलं होतं, आता माझे पाय अडखळतील. अडखळले नाहीत. मी रस्ता ओलांडला आणि वर्गात जाऊन बसले. मला काही वाटतच नाही, आत्या. रडू येत नाही, भूक लागत नाही, झोप मात्र येते.

यंदा काय शिकवतात म्हणालीस, तर यंदा कुणी काही शिकवत नाही. आठ जणांचा गट, एक टेबल, एक फळा. डॉ. प्रिचर्ड बाई एक कागद देतात. त्यावर एक माणूस असतो आणि त्याचं दुखणं. फळ्यावर तीन रकाने आखायचे: काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, कोण काय शोधून आणणार. मग आम्हीच वाद घालायचा आणि रोग शोधायचा. बाई कोपऱ्यात चहा पीत बसतात. काही विचारलं की म्हणतात, "तुम्हाला काय वाटतं?" जो गप्प बसेल त्याचे गुण कापतात. गावात मोठ्यांसमोर प्रश्न विचारला की टपली बसायची, इथे नाही विचारला की बसते.

गटात एमोसी म्हणून एक आहे. आधी नर्स होता, माझ्याहून बराच मोठा. त्याने आईचं गाव सांगितलं. त्या गावाशी आपलं थट्टेचं नातं, म्हणून पहिल्याच दिवशी मी त्याच्या ताटातला मासा उचलला आणि त्याने मला खारवलेली म्हातारी म्हटलं. तो प्रत्येक गोष्टीत मला खोडून काढतो, मी त्याला. तेवढा वेळ माझं डोकं चालतं. बाकी दिवस नुसता जातो.

तुझ्या पायाचं काय? बाबांच्या मातीच्या दिवशी लोवोच्या खड्ड्यातल्या भट्टीतला तापलेला दगड तुझ्या पायाखाली आला होता आणि तू तशीच चालत राहिलीस. बायका हसल्या होत्या, वासितीचा पाय दगडाहून कडक म्हणून. फोड आला होता का?

तुझी,
उनाइसी

---

कंदावू, १९ मार्च

उनाइसी, पोरी,

कोपऱ्यात चहा पीत गप्प बसायचं आणि पगार घ्यायचा? मग आपल्या पेनाइयाने काय घोडं मारलंय? जन्मभर यंगोनाच्या पेयाने भरलेल्या परातीशेजारी गप्प बसलाय. त्यालाही प्रोफेसर करा म्हणावं, चहासुद्धा मागणार नाही.

पाय बरा आहे. पपईचं पान बांधते. तू तुझ्या कागदावरच्या माणसांचं बघ.

आता कामाचं. एमोसीची आई कुठली ते लिहिलंस, बाप कुठला ते नाही लिहिलंस. मला ते टोचलं. पाद्रीच्या बायकोची बहीण लंबासाला असते, तिच्याकडून काढलं. त्याच्या आजोबांचं नाव साकिउसा. साकिउसा म्हणजे तुझ्या आजोबांचा सख्खा धाकटा भाऊ. होडीवरून भांडण झालं आणि तो उठून तिथल्या साखर कारखान्यात गेला, तो परत गावाकडे फिरकला नाही. मुलाचं लग्न झालं, मुलगा लवकर गेला, सून पोराला घेऊन माहेरी राहिली. म्हणून पोर आईचं गाव सांगतं. पण रक्त आपलं आहे. त्याचा बाप माझा भाऊ आणि तो तुझा भाऊ.

माझ्या पोटचा असता तर मासाच काय, ताटसुद्धा उचललं असतंस, मी हसले असते. आत्याच्या मुलाची थट्टा नाही करायची तर कुणाची? पण हा चुलत्याच्या घरचा. भावाबहिणीने एकमेकांशी बोलायचं नाही, ही आपली रीत. नावाने हाक मारायची नाही, ताटाला हात लावायचा नाही. झालं ते अजाणता झालं, देव समजून घेईल. आता समजलंय.

तुला सांगायला नको खरं तर. तुझे बाबा आणि मी एका अंगणात म्हातारे झालो, कधी समोरासमोर बोललो नाही. "उनाइसी, आत्याला सांग मीठ संपलं," आणि आत्या तिथेच चुलीशी. तू पाच वर्षांची होतीस तेव्हापासून आमचा टपालखाना होतीस. माया कमी होती असं कुणी म्हणून दाखवावं.

वर्षाच्या कार्यासाठी चटई विणायला घेतली आहे. केवड्याची पानं यंदा चांगली निघाली.

तुझी आत्या,
वासिती

---

सुवा, ८ एप्रिल

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. मी ते गटातल्या शलेश्नीला वाचायला दिलं आणि तुझ्या भाच्याला सांग म्हटलं. शलेश्नी लंबासाचीच आहे, हिंदी बोलणाऱ्या घरातली, पण आपल्या चालीरीती तिला पाठ आहेत. तिने सांगितलं. तो उठला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, पण मी बसते त्याच कडेच्या खुर्चीत जाऊन बसला, म्हणजे नजरेला नजर नको. तेव्हापासून आम्ही बोलत नाही.

पहिले काही दिवस सगळा गट हसत होता. मी म्हणायचे, "शलेश्नी, त्याला विचार, ताप कधीपासून?" तो चार हातांवर बसलेला. शलेश्नी मान वळवून विचारायची, "ताप कधीपासून?" तो तिला सांगायचा, ती मला. एक दिवस ती म्हणाली, मला दोघांचा पगार द्या नाहीतर दोघांनी मिळून मुकं व्हा. मग आम्ही मुकेच झालो.

डॉ. प्रिचर्डना वाटलं आमचं भांडण झालंय. त्यांनी मला बोलावून सांगितलं की गटात माझा आवाज नाही, असंच राहिलं तर हे वर्ष पुन्हा करावं लागेल. मी बरं म्हटलं. मला भीती वाटायला हवी होती. शेवटी शलेश्नीनेच त्यांना नातं समजावून सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं, यावर उपाय काय?" सवयच आहे त्यांना. गटाने उपाय काढला. मी फळ्याला सांगायचं, त्याने फळ्याकडून ऐकायचं. त्यानेही तसंच. दोघांनी फळ्याकडे तोंड करून बोलायचं, मग कुणी कुणाला काही म्हटलेलं नसतं.

चाललंय त्यावर. पण पूर्वीसारखा वाद होत नाही. भावाला खोडून कसं काढणार?

पुढच्या महिन्यात प्रत्येकाला कुठल्या तरी दवाखान्यात पाठवणार आहेत. तिथला एक रोगी बघायचा, त्याचं नाव-गाव खोडून टाकायचं आणि परत आल्यावर तो गटापुढे प्रश्न म्हणून मांडायचा. मला सिगाटोका मिळालंय, तुझ्या भाच्याला आपलंच कंदावू. तो तुला भेटायला येईल. आला की नीट खाऊ घाल, इथे तो डब्यातल्या माशांवर जगतो.

पाय सुकला का?

तुझी,
उनाइसी

---

कंदावू, २६ मे

उनाइसी, पोरी,

तुझा भाऊ येऊन गेला. भेट म्हणून यंगोनाची मुळं घेऊन आला, दाराशी खालच्या अंगाला बसला, डोकं वर केलं नाही. बापाविना वाढलेला, पण रीत कुणीतरी नीट शिकवली आहे. मी कोंबडी मारली. नको नको म्हणत रस्सा दोनदा घेतला.

बसल्या बसल्या हवेत काहीतरी हुंगत होता. मी म्हटलं, बाहेर कुत्र्याने मासा आणून टाकलाय. मग तो बराच वेळ चटईच्या विणीकडे बघत बसला. माझ्या बसण्याकडे बघत होता म्हण ना. नर्सच तो. मी काही गोष्टी त्याला सांगितल्या आणि त्या कुणाला सांगायच्या नाहीत असं बजावलं. गप्प राहा म्हटलं की राहणारा आहे. चांगला मुलगा आहे.

पाय सुकला. चटई निम्मी झाली. बसून काम असलं की बरं असतं. गेले दोन रविवार देवळात गेले नाही, पाऊस फार होता. गाणाऱ्या बायका माझ्यावाचून बेसूर होतात, होऊ देत.

एक सहज विचारते. तुझ्या बाबांना किती उशीर झाला होता? म्हणजे किती आधी गेला असता तर पाय कापूनही माणूस परत आला असता? इथे सगळे म्हणतात, सुव्याला पाय घेऊन गेलेला पेटीतून परत येतो. तू शिकतेयस म्हणून विचारलं. उत्तराची घाई नाही.

तुझी आत्या

---

सुवा, १७ जून

प्रिय आत्या,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार आहे, कारण गेल्या आठवड्यात मी ते आठ जणांसमोर दिलं.

सोमवारी रोगी मांडायची पाळी तुझ्या भाच्याची होती. तो उभा राहिला आणि फळ्याकडे तोंड करून सांगू लागला. पंचावन्नच्या पुढचा एक बाप्या. साखरेचा आजार, गोळ्या घेतो कधी, विसरतो कधी. पायाला इजा झाली ती त्याला कळलीच नाही. झाडपाला बांधतो. घरच्यांना सांगतो, सुकली. अंगठा काळा पडलाय. घरातलं एक माणूस डॉक्टरकी शिकतंय आणि त्याला काही कळू द्यायचं नाही असं त्याने बजावलंय.

आत्या, हे बाबा. शब्दन्‌शब्द बाबा. गावात कुणीतरी त्याला सगळं सांगितलं असणार आणि त्याने माझ्याच बापाचं नाव पुसून मला तो प्रश्न म्हणून दिला. शलेश्नीने माझा हात धरला. मला राग यायला हवा होता. मी रागाची वाट बघत बसले, तो आला नाही. मग मी उठले, खडू घेतला आणि एखाद्या अनोळखी माणसाचा रोग सोडवावा तसा सोडवला.

मी फळ्याला सांगितलं, "पाय गुडघ्याखाली कापायचा. थांबायचं नाही. अंगठा काळा आहे पण ताप नाही, म्हणजे अजून वेळ आहे. आत्ता आणला तर माणूस जगेल, एका पायावर का होईना. ताप चढल्यावर आणला तर आपण फक्त पेटीचं माप घ्यायचं."

तुझा भाचा फळ्याकडेच बघत होता. तो म्हणाला, "फळ्याला विचारायचंय. त्याला हे सांगणार कोण? तो डॉक्टरचं ऐकत नाही, माझंही ऐकत नाही."

मी म्हटलं, "ज्याला त्याने वाढवलंय त्याने सांगावं. कान धरून."

"मग तिसऱ्या रकान्यात नाव लिहावं," तो म्हणाला.

मी नाव लिहिलं नाही. कुणाचं लिहिणार? बाबांना सांगायला मी तिथे नव्हते, मला कळवलं नव्हतं. तू थेट सांगू शकत नव्हतीस. आणि आता सांगून काय उपयोग? मी खडू ठेवला. डॉ. प्रिचर्डनी आजवरचे सगळ्यात चांगले गुण मला दिले. वर्ष वाचलं म्हणाल्या. मला आनंद झाला नाही, दुःखही झालं नाही. मी जाऊन झोपले.

तेव्हा उत्तर हे. ताप यायच्या आधी निघाले असते तर बाबा आज तुझ्या अंगणात बसले असते. सुवा माणसं मारत नाही. उशीर मारतो.

तुझ्या भाच्याने असं का केलं ते तू त्याला विचार. मला विचारता येत नाही.

उनाइसी

---

कंदावू, ४ जुलै

उनाइसी,

तो बाप्या नाही. ती मी आहे.

तुझ्या भावावर राग धरू नकोस. माझा अंगठा त्याने बघितला तेव्हा मी त्याला शब्द द्यायला लावला, उनाइसीला सांगशील तर मेल्यावर माझ्या मातीला येऊ नकोस. त्याने शब्द मोडला नाही. माझं नाव घेतलं नाही, तुझ्याशी बोलला नाही, बाईचा बाप्या केला. एवढ्या कुंपणातून त्याला जी फट सापडली तिच्यातून त्याने तुला हाक मारली. तुला ती ऐकू आली नाही, मला आली. तुझं पत्र वाचलं आणि मी एकटीच मोठ्याने म्हणाले, "वासिती, हे तुझंच."

मी तुला सुकला सुकला म्हणून लिहीत राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मुठीला वास यायला लागला की झाकून भागत नाही. भीती पाय जाण्याची नव्हती. तुझा बाप गेला, मग तू माणसासारखी रडलीसुद्धा नाहीस. त्यावर मीही त्याच खाटेवर गेले तर तुझं काय होईल, या भीतीने मी गप्प बसले. त्याच भीतीने तुझ्या बाबांनीही तुला कळवलं नव्हतं. आमचं घराणंच शहाणं.

तू लिहिलंस, ज्याला वाढवलंय त्याने कान धरून सांगावं. धरलास कान. आता सोड, दुखतोय.

ताप अजून नाही. मी रोज कपाळाला हात लावते. उद्याच्या बोटीने निघते. पाद्रीच्या रेडिओफोनवरून तुझ्या भावाला निरोप दिला आहे, तो बंदरावर येईल. हे पत्र त्याच्याकडे देते, तो शलेश्नीला देईल, ती तुला. बघ, टपालखाना पुन्हा सुरू झाला.

चटई अर्धवट आहे. सोबत आणतेय.

आत्या

---

सुवा, हॉस्पिटल, बायकांचा वॉर्ड
२२ जुलै

उनाइसी,

रस्त्यापलीकडे तू राहतेस आणि मी तुला पत्र लिहितेय. शेजारच्या खाटेवरची बाई हसते मला. पण तोंडी सांगायला तू थांबतेस कुठे?

रोज येतेस. खाटेच्या टोकाला अडकवलेला तक्ता वाचतेस, ताप, नाडी, साखर. नर्सला काहीतरी विचारतेस. मग "छान आहे आत्या" म्हणून जातेस. माझ्याकडे बघत नाहीस. तू आत असलीस की तुझा भाऊ बाहेर जिन्यावर बसतो, तू गेलीस की आत येतो आणि विचारतो, "तिने काही खाल्लं का, विचारा." तू आलीस की मी विचारते. तू मान हलवतेस. या वयात मीच तुम्हा दोघांची शलेश्नी झालेय.

डॉक्टर म्हणतात, जखम भरतेय, पुढच्या महिन्यात कुबड्यांवर उभी करू. मी म्हटलं, कुबड्या नकोत, पेनाइयाला आणा, त्याच्यावर टेकले तरी तो बोलायचा नाही. पाय गेला पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

एक विचारायचंय. डॉक्टरला विचारलं तर तो हसून, असं होतं म्हणाला. तो पाय होता तेव्हा त्याला काही कळत नव्हतं. दगड कळला नाही, जखम कळली नाही, अंगठा काळा पडला तेही डोळ्यांनी बघून कळलं. आता तो नाहीये, तर दुखतो. इतकं दुखतं की मी चादर उचलून बघते. तिथे काही नाही आणि दुखणं तिथेच. हे काय आहे? तुमच्या तीन रकान्यांपैकी कुठल्या रकान्यात बसतं?

मी रडते त्या वेळी. लाज नाही वाटत. खरं सांगू, बरं वाटतं. इतके महिने तो पाय नुसता ओंडका होता.

वॉर्डात चटई विणू देत नाहीत, पानांचा कचरा होतो म्हणे.

आत्या

---

सुवा, २३ जुलै

प्रिय आत्या,

शलेश्नीच्या हाती देतेय. दुपारी मला वर्ग आहे.

काल तुझं पत्र वाचलं, मग गटात गेले. सोडवलेल्या प्रश्नांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगायचं असतं. डॉ. प्रिचर्डनी विचारलं, त्या काळ्या अंगठ्याच्या रोग्याचं काय झालं? तुझा भाचा फळ्याला म्हणाला, "रोग्याने बोट पकडली. ताप चढायच्या आधी." बाईंनी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून? तेव्हा मी उठले. फळा कोरा होता. मी तीन रकाने आखले, तिसऱ्यात माझं नाव लिहिलं आणि त्याखाली त्याचं. नाव तोंडाने घ्यायचं नाही असं तू सांगितलं होतंस, लिहायचं नाही असं सांगितलं नव्हतंस. शलेश्नीला म्हटलं, त्याला सांग, मला राग नाही. ती म्हणाली, तो बहिरा नाहीये. तो फळ्याकडे बघत होता. मीही फळ्याकडेच बघत होते. आमच्यात आता एवढं बोलणं पुरतं.

तुझ्या प्रश्नाचं पुस्तकात बघितलं. असं होतं, एवढंच तिथेही आहे, फक्त लांबलचक. पाय जातो पण पायाची जागा डोक्यात राहते आणि ती जागा ओरडते. काहींचं महिन्यांत थांबतं, काहींचं वर्षांनी. खात्रीचा उपाय नाही. मी त्याला दुसऱ्या, ठाऊक नसलेल्याच्या रकान्यात टाकलंय.

तक्ता वाचते कारण तो मला वाचता येतो. बाबांचाही वाचला होता. तुझ्याकडे बघितलं आणि तरीही काही वाटलं नाही तर काय, म्हणून बघत नाही. हे तुला सांगायला नको होतं, पण आपल्या घरात न सांगून झालेलं पुरे आहे.

संध्याकाळी येते. खाण्याचं मला विचारू नकोस, त्याने तुझ्यासाठी आणलेला मासा उरला असेल तर तोच खाईन. तुझ्या ताटातला चालतो. तक्ता बघणार नाही. चादरीवर जिथे तुझा पाय नाही तिथे हात ठेवून बसेन. तुला कळलं तर सांग. मला काही कळलं, तर मीही सांगेन.

उनाइसी